पिसांचा गळ, अंबाडीचा डोह

जालन्याच्या स्टेशनावर मी उतरलो तेव्हा माझं घर तिथून अर्ध्या कोसावर होतं, आणि मी घर सोडून साहेबांच्या मुक्कामाच्या बंगल्याकडे चालू लागलो. अकरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला याचं काही वाटत नाही. पाय आपोआप साहेबांकडे वळतात आणि मन मागे घराकडे बघत राहतं, एवढंच.

मी त्या वेळी औरंगाबादला पेशकार होतो. (पेशकार म्हणजे साहेबांपुढे कागद मांडायचे, ते सांगतील ते उर्दूत लिहायचं आणि सही झाली की वाळू टाकून टिपायचं.) वर्षातले सात महिने साहेबांचा दौरा असे आणि साहेबांच्या मागे आमचा. बैलगाडीत बसून बसून माझ्या पाठीचं पार लाकूड झालं होतं. बायको आणि दोन मुली जालन्याला, मी गावोगाव. जालन्याच्या तहसिलीत बदली मिळावी म्हणून मी अर्ज केला होता. तो अर्ज माझ्याच हातानं साहेबांपुढे ठेवायचा आणि तो बाजूला सारला की माझ्याच हातानं उचलायचा, असं दोन वर्षं चाललं होतं.

आमचे साहेब हैदराबादचे, स्वभावानं वाईट नव्हते. तरुणपणी ते काही वर्षं काश्मीरला राहून आले होते आणि तिथं कुण्या गोऱ्या अधिकाऱ्याकडून मासे धरण्याचा एक अजब प्रकार शिकले होते. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. कोंबड्याची नि मोराची बारीक पिसं रेशमानं गळावर गुंडाळायची, त्याची माशी करायची आणि लांब लवचिक काठीनं ती पाण्यावर नाचवायची. मासा फसून वर आला की त्याला बघायचं आणि बहुतेक वेळा परत सोडून द्यायचं. हे शेवटचं ऐकल्यावर आमच्या कचेरीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं होतं.

दरवर्षी पावसाळा संपला की साहेब काश्मीरचे नकाशे पसरून बसत. कुठली नदी, कुठला पूल, कुठं तंबू, बरोबर किती माणसं, सगळी यादी ते मला सांगत आणि मी लिहून घेई. मग वरून रजा नामंजूर होऊन येई आणि मी ती यादी बस्त्यात बांधून ठेवी. न झालेल्या सहलींचा एक जाडजूड बस्ता माझ्याकडे साठला होता. त्या वर्षी आठच दिवसांची रजा मिळाली. काश्मीरला जाऊन यायलाही ती पुरत नव्हती. साहेब इतके हिरमुसले की मला राहवलं नाही आणि मी बोलून गेलो, "हुजूर, भोकरदनच्या वर अजिंठ्याच्या डोंगरातूनही नद्या उतरतात." माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी बायको उगीच म्हणत नाही.

त्या दिवशी बंगल्यावर साहेबांनी मला बारीक दोरीची एक गुंडाळी आणि एक चपटा पत्र्याचा डबा दिला. आत कापसावर एकच माशी ठेवलेली, काळ्या-तांबड्या पिसांची, पोटाला सोनेरी तार. "ही वापरून बघा. पाणी निवळ हवं, डोह खोल हवा आणि मासा पिसावर उठला पाहिजे. मोठ्या खवल्यांचा, महाशीर. बारा दिवसांत या," असं ते उर्दूत म्हणाले. मग टेबलावरचा माझा अर्ज त्यांनी बोटानं पुढे ओढला. "डोह मिळाला की यावर सही करून टाकू."

मी घरी पोचलो तो वाटेत बैलगाडी सांगूनच. हातात उणापुरा तास होता. बायकोनं काही विचारलं नाही, परात पुढ्यात घेऊन धपाटे थापायला बसली. थोरली पाण्याचा तांब्या घेऊन आली. धाकटी चार वर्षांची, ती दारातून आत पळाली आणि आईच्या पदराआडून म्हणाली, "पाहुणे आले." थोरलीनं तिला चापट मारली, "अगं, अण्णा आहेत ते." धाकटीनं मला नीट न्याहाळलं आणि परत म्हणाली, "पाहुणे." मला हसू आलं. हा डोह मी पाताळातून का होईना शोधून काढीन, असं धपाट्यांची पुरचुंडी घेताना मी ठरवलं.

गाडीवान सांडू हा भोकरदनकडचाच, वयानं माझ्याहून मोठा, तोंडानं फटकळ. पहिला मुक्काम राजूरला. गणपतीचं दर्शन घेतलं आणि नवस बोलावा की नाही याचा विचार करत राहिलो. मासे मिळावेत म्हणून गणपतीला काय बोलायचं? शेवटी नुसता नमस्कार करून उतरलो. दुसऱ्या दिवशी भोकरदन. वाटेत दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चाललेली, तुरी फुलावर आलेल्या, आणि चाकांची धूळ तोंडात. मला यातलं काही बघायचा उत्साह नव्हता. प्रवासाची हौस असलेली माणसं असतात, मी त्यातला नाही. मी रस्त्याकडे बघतो ते तो किती उरला हे बघायला.

"सायेब, तुम्ही मासं खाता का?" सांडूनं विचारलं.

"आमच्या घरात शिजत नाही."

"मंग मोठे सायेब खातात?"

"धरतात आणि सोडून देतात."

सांडूनं बैलांची शेपटी पिरगाळली आणि बराच वेळ विचार केला. "म्हंजे एवढं तीन दिस गाडी हाकून आपण सोडून द्यायचं मासं पाह्याला जाऊन राह्यलो," तो म्हणाला.

भोकरदनहून केळणा नदीच्या काठाकाठानं वर निघालो. एका ठिकाणी नदी ओलांडताना गाडीचं चाक दगडावरून घसरलं आणि माझी कागदांची थैली पाण्यात पडली. कोरे कागद सगळे भिजून त्यांचा लगदा झाला. अंगरख्याच्या आतल्या खिशात घडी करून ठेवलेला एकच कागद तेवढा कोरडा राहिला. पिसांचा डबाही खिशातच होता, म्हणून वाचला. डोंगर जवळ आले तशी नदी अरुंद होत गेली. पळसाची नि सीताफळीची झाडी लागली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नदीच्या एका वळणावर एक गाव दिसलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

गावाखाली काळ्या खडकाची भिंत होती आणि तिच्या पायथ्याशी डोह. अकरा वर्षांच्या दौऱ्यात मी असलं पाणी पाहिलं नव्हतं. वरच्या अंगानं बारीक धार पडत होती, मधे हिरवं खोल पाणी, आणि कडेला तळचा गोटान् गोटा दिसत होता. काठावर हातभर उंचीपासून पुरुषभर उंचीपर्यंतच्या बारीक हिरव्या-तांबूस काड्यांच्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. मला वाटलं, सरपण असेल. आम्ही त्याच पेंढ्यांच्या सावलीत बसून जेवलो. गावचे कडूबा पाटील स्वतः भाकरी घेऊन आले होते. ज्वारीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची आंबट भाजी आणि वर कच्चं तेल. तीन दिवसांत मिळालेलं ते पहिलं धड जेवण होतं. पोटभर जेवलो. मग सांडूनं बांबूची काठी तोडून आणली, मी तिला साहेबांनी दिलेली दोरी बांधली आणि दोरीला ती माशी.

पहिल्या खेपेला गळ माझ्याच पगडीत अडकला. दुसऱ्या खेपेला सांडूच्या बंडीत. "सायेब, मी मासा न्हाई," तो म्हणाला. पाटील नम्रपणे खाली मान घालून उभे होते, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते. पाचव्या-सहाव्या खेपेला माशी कशीबशी खडकाच्या सावलीत पडली आणि मी साहेबांनी सांगितल्याप्रमाणे तिला हळूच हिसका दिला.

खालून काहीतरी सोनेरी वर आलं. मी ते स्पष्ट पाहिलं. एकेक खवला रुपयाएवढा. पाणी फुटलं, काठी वाकली आणि माझ्या मनगटातून खांद्यापर्यंत असा काही झटका आला की मी "अरे अरे!" करून दोन पावलं पाण्यातच गेलो. बूट भरले. दोरी एकदम सैल पडली. मासा गेला. माशी परत आली तेव्हा तिची एका बाजूची पिसं कुरतडून गेली होती आणि गळ जरासा सरळ झाला होता.

साहेब वर्षानुवर्षं कशासाठी नकाशे पसरतात ते त्या क्षणी मला कळलं. पण त्याहून जास्त एकच गोष्ट डोक्यात आली: सही झाली. मी जालन्याला गेलो. मी खडकावर बसून बुटातलं पाणी ओतत होतो, आणि मान वर न करताच पाटलांना म्हणालो, "मोठे साहेब येईपर्यंत या डोहाला कुणी हात लावायचा नाही. पाणी ढवळता कामा नये."

"जी," पाटील म्हणाले. त्यांनी काठावरच्या पेंढ्यांकडे एकदा पाहिलं. मी ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

पाटलांच्या ओट्यावर बसून मी त्या एकुलत्या कोरड्या कागदावर साहेबांना अहवाल लिहिला. पाणी उत्तम, मासा उत्तम, बंदोबस्त केला आहे. लाख वितळवून वर मोहोर केली आणि भोकरदनच्या टपालात टाकायचा म्हणून खिशात ठेवला. साहेबांनी आणखी वरचंही बघून यायला सांगितलं होतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी गाडी गावातच ठेवून सांडू आणि मी पायी वर निघालो.

त्या चार दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नदी वर वर गेली तशी ओढा झाली, ओढ्याचा ओहळ झाला आणि मग नुसते गोटे. एका वस्तीवर आम्हाला माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) मिळालं, एका ठिकाणी काहीच मिळालं नाही. माझ्या टाचेला फोड आला. सांडूनं त्यावर कसलासा पाला ठेचून बांधला आणि फोड दुप्पट झाला. एका सुळक्याच्या पोटाशी शेवटी ती नदी जिथून निघते ते ठिकाण पाहिलं. खडकातून ओंजळभर पाणी झिरपत होतं. लोक अशा जागी हात जोडतात. मी पाय बुडवून बसलो आणि मला इतकं थकल्यासारखं झालं की उठूच नये असं वाटलं. इथून परत तेवढंच चालायचं, मग गाडी, मग आगगाडी, मग पुढच्या महिन्यात पुन्हा दौरा. पण खिशात तो अहवाल होता. त्याला हात लावला की जरा बरं वाटे.

पाचव्या दिवशी लंगडत गावात परत आलो. वेशीजवळच विहीर. पाटलीणबाई पाणी ओढत होत्या. मला सपाटून तहान लागली होती. मी पुढे होऊन म्हणालो, "द्या इकडे, मी ओढतो." पोहरा खाली सोडला, भरला, आणि अर्ध्यावर आला असेल नसेल तो दोर तुटला. पोहरा खाली धपकन पडला. दोराचं टोक माझ्या हातात राहिलं, ठिकठिकाणी गाठी मारलेलं, पार झिजून गेलेलं.

"इतका जुना दोर कशाला वापरता?" मी म्हणालो. तहानेनं चिडलेलो होतो. "नवा का नाही केला?"

पाटलीणबाईंनी कपाळावरचा पदर सारखा केला. त्या भीडभाड ठेवणाऱ्या नव्हत्या. "नवा कुठून करावा सायेब? सालभराचे दोर तुमच्या हुकमात अडकून पडल्यात की."

मला काही उमजेना. कसला हुकूम? तोवर पाटील धावत आले, "जा तू घरात," म्हणून तिच्यावर खेकसले आणि मला म्हणाले, "काही न्हाई सायेब, बाईमाणूस, उगी बोल्ली." मी म्हणालो, "पाटील, खरं काय ते सांगा." त्यांनी नुसते हात जोडले. मग मी स्वतःच डोहाकडे उतरलो.

डोहावर दोन माणसं पहारा देत बसली होती. मी गेल्यापासून आळीपाळीनं बसत होती. गावाची जनावरं लोक पाण्याला कोसभर खाली नेत होते. आणि त्या पेंढ्या होत्या तिथंच उभ्या होत्या, पण आता त्यांचा हिरवा रंग जाऊन त्या उन्हानं करड्या पडल्या होत्या. त्यांच्यापाशी लहानू बसला होता. लहानू हा गावाचे दोर वळणारा, मांगवाड्यातला, पन्नाशीचा, हाताचे तळवे घट्टे पडून कातड्यासारखे झालेले. तो उठून बाजूला सरला.

"हे काय आहे, लहानू?"

"अंबाडी, सायेब."

मी जिची भाजी चवीनं खाल्ली तिच्याच काड्यांच्या सावलीत बसलो होतो, आणि मला ती ओळखू आली नव्हती. लहानूनं मग मला सगळं सांगितलं. अंबाडी कापली की तिच्या पेंढ्या पाण्यात बुडवून वर दगड ठेवायचे. ती कुजते, साल सुटते, ती धुऊन वाळवली की तिचा वाख होतो (म्हणजे दोर वळायचे लांब धागे). त्या वाखातून गावाचं सगळं निघतं. जनावरांची दावी, बैलांचे कासरे, खाटेची सुतळी, विहिरीचा दोर आणि मोटेचा जाड नाडा. भिजवण्याजोगं पाणी या एकाच डोहात. साऱ्या गावाच्या पेंढ्या एकाच दिवशी पाण्यात जातात. त्या अलीकडच्या बाजूलाच, खालच्या अंगाला टाकतात. वरच्या धारेकडे कुणी एक काडी टाकत नाही, म्हणजे मासे तिकडे जीव धरून राहतात. आणि मी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पेंढ्या पाण्यात जायच्या होत्या.

"मग आणखी पंधरा दिवस थांबलं तर?" मी विचारलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. "साहेब येऊन जातील. नंतर घाला."

लहानूनं एक काडी उपसली, मोडली आणि साल ओढून दाखवली. ती बोटभर सुटली आणि तुटली. "हे पाहा. कापून दहा दिस झाले. आज-उद्या पाण्यात गेली तर बराबर व्हईल. अजून पंधरा दिस ऊन खाल्लं तर साल काडीला धरूनच बसती. मंग वाख न्हाई निघत, नुसता कुटार."

"अन् पुढं गव्हाला मोटा जुपायच्या," पाटील हळूच म्हणाले. "नाडा नसला तर मोट कशानं ओढावी?"

"तेव्हाच का बोलला नाहीत?" मी ओरडलोच. "मी काय तुम्हाला खाल्लं असतं? मी बुटातलं पाणी ओतता ओतता बोललो ते! तो काय हुकूम होता?"

पाटील कसनुसं हसले. "सायेब, तुम्हाला बुटातलं पाणी दिसत व्हतं. आम्हाला पगडी दिसत व्हती."

मी तिथंच खडकावर बसलो. आधी मला त्यांचा राग आला, मग माझा, आणि मग मला माझ्या धाकटीचा चेहरा आठवला, पदराआडचा. डोह माझ्यासमोर होता. वरच्या धारेखाली एक मासा पाण्याबाहेर उसळला आणि परत गेला, जणू मला चिडवायलाच. खिशात अहवाल होता. तो भोकरदनच्या पेटीत टाकला की काम फत्ते. ही माणसं काही बोलणार नव्हती. पंधरा दिवस पहारा देत बसली असती आणि साहेब आल्यावर त्यांना मुजरा केला असता. साहेबांना तर अंबाडी म्हणजे काय हे कुणी सांगितलंही नसतं.

लोक काठावर उभे होते आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. तेच मला सहन होईना. कुणी भांडलं असतं तर मी अडून बसलो असतो, एवढा मी स्वतःला ओळखतो. माझ्या हातात अजून विहिरीचा तो तुटका दोर होता. मी कधी तो बरोबर घेऊन आलो हेही मला कळलं नव्हतं.

"घाला उद्या," मी म्हणालो.

पाटलांनी दोनदा घसा खाकरला. "सायेब, लेखी द्याल का? उद्या कुणी इचारलं तर..."

तोंडानं घातलेली बंदी गावानं पाच दिवस पाळली होती, पण ती उठवायला कागद लागत होता. आणि कोरा कागद माझ्यापाशी उरला नव्हता. मी खिशातून अहवाल काढला, मोहोर फोडली, घडी उलगडली, आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दिलं की सदर डोहात अंबाडी भिजवण्यास हरकत नाही. खाली सही केली. पाटलांनी कागद कपाळाला लावला आणि उपरण्यात गुंडाळून ठेवला. माझा अहवाल अजूनही त्यांच्या पेटीत असेल. एका बाजूला पाणी उत्तम, मासा उत्तम. दुसऱ्या बाजूला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव डोहात उतरलं. पाणी थंडगार, माणसं कुडकुडत, ओरडत, हसत एकमेकांच्या हाती पेंढ्या देत होती. सांडूही लंगोट लावून उतरला. मी काठावरून दगड दिले. एवढ्या दिवसांत मी केलेलं उपयोगाचं काम तेच. लहानू मात्र पाण्यात नव्हता. तो झाडाखाली बसून काहीतरी वळत होता. गाडी जुंपली तेव्हा तो आला आणि त्यानं माझ्या हातात एक नवा बारीक दोर ठेवला.

"गेल्या सालचे हात-दोन हाताचे तुकडे उरल्ते, ते जोडून वळला. हिरीला पुरायचा न्हाई. पोरीच्या झोक्याला चालतोय." मुलींचं सांडूनं सांगितलं असावं.

मी हात मागे घेतला. सरकारी माणसानं खेड्यातून काय काय फुकट नेलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. लहानूला ते कळलं. "घ्या सायेब," तो म्हणाला. "हुकमानं न्हाई देऊन राह्यलो."

जालन्याला परत यायला तीन दिवस लागले आणि तिन्ही दिवस मी साहेबांना काय सांगायचं ते घोकत होतो. शेवटी बंगल्यावर उभा राहून मी सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. हुजूर, वरच्या डोंगरात पाणीच नाही. खाली एक डोह आहे, पण त्यात अंबाडी भिजत घातली आहे. पाणी काळं पडेल, घाण मारेल. महिनाभर तरी तिथं उभं राहवणार नाही.

साहेबांनी टेबलावरच्या चिठ्ठ्या उगीच इकडच्या तिकडे केल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी हात पुढे केला. मी पत्र्याचा डबा दिला.

त्यांनी डबा उघडला, माशी बाहेर काढली आणि उठून खिडकीपाशी गेले. उजेडात धरून त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली. कुरतडलेली पिसं. सरळ झालेला गळ. ही गोष्ट मी साफ विसरलो होतो. मासे न खाणाऱ्या घरातला माणूस, दुसरं काय होणार!

आता ते विचारणार, कुठला डोह, कधी, का लपवलंत. मी तयार राहिलो. साहेब वळले. डोळ्यांत राग नव्हता, लहान मुलाच्या डोळ्यांत असते तशी उत्सुकता होती.

"कितनी बडी थी?" त्यांनी विचारलं. केवढी होती?

माझे हात आपोआप वर आले. मी त्यांना दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढी. आणि दाखवल्यावर मला कळलं की मी काय केलं.

साहेब माझ्या दोन हातांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मी हात खाली घेऊ की नको, मला समजेना. "अंबाडी," ते शेवटी म्हणाले. "त्यातून काय निघतं?"

"दोर, हुजूर. मोटेचा नाडा."

"अच्छा." त्यांनी माशी परत कापसावर ठेवली, डबा बंद केला आणि खिशात घातला. मग टेबलावरचा माझा अर्ज उचलला, वाचल्यासारखं केलं आणि इतर कागदांच्या खाली सरकवला. "पुढच्या वर्षी पाहू, पेशकारजी."

डोह हातचा घालवला म्हणून आणि त्यातला मासा लपवला म्हणून, मी दोन्ही कारणांनी गुन्हेगार होतो. त्या गावाचं नाव त्यांनी विचारलं नाही, आणि तेव्हा सांगितलं नाही ते मी इथंही लिहिलेलं नाही. मी मुजरा करून बाहेर पडलो. औरंगाबादच्या गाडीला चार तास होते, आणि या खेपेला मी सरळ घरी गेलो.

बायकोनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. "राहू द्या," एवढंच म्हणाली आणि गरम पाणी काढायला गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. मी ओसरीच्या तुळईला लहानूचा दोर टाकला, गाठी मारल्या, ओढून पाहिल्या आणि मधे घोंगडीची घडी घातली. लोक मला विचारतात की इतका फिरलात, त्यातलं काय लक्षात राहिलं. मला त्या नदीचा उगम नीट आठवत नाही. त्या दोराच्या गाठी मात्र हाताला अजून आठवतात. हात-दोन हातांवर एकेक गाठ होती आणि एकही सुटली नाही.

धाकटी दाराआडून बघत होती. मग हळूहळू पुढे आली, दोराला हात लावला, घडीवर बसली. मी मागून झोका दिला. ती आधी घाबरली, मग हसली, मग आणखी जोरात म्हणाली. बराच वेळ झुलल्यावर तिनं पाय खाली टेकवले आणि मान वळवून विचारलं, "पाहुणे, हा दोर तुम्ही परत नेणार?"

"नाही. हा तुझा. इथंच राहील."

ती विचारात पडली. "मग तुम्ही एकटेच जाणार?"

"हो," मी म्हणालो आणि तिला आणखी एक झोका दिला.